तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १००: अ‍ॅक्सेलरोमीटर लावून मॉड्स मोजतोय, या बोला

गिअरवाला_कोथरूड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायचा कंटाळा. पण आता विषयच असा आहे की चार डोकी लागणार.

गाडी पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, चाकणला पोलो बनायची बंद झाली त्याच्या जरा आधी घेतलेली. कागदावर ११० पीएस पॉवर आणि १७५ एनएम टॉर्क. आता तिच्यात थोडंथोडं काम, म्हणजे मॉड्स, करायचंय, आधी हवेचा फिल्टर, मग टायर, मग जमलं तर रिमॅप (इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं). गोची अशी की पैसे घातल्यावर प्रत्येकालाच गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, दहा-बारा हजार घालून "काहीच फरक नाही राव" म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि ट्यूनर लोकांना विचारावं तर प्रत्येकाच्या तोंडात आकडा तयारच. एकाने मला नुसत्या फिल्टर आणि एक्झॉस्टवर वीस घोडे सांगितले, कशावर मोजले विचारलं तर म्हणे "साहेब, चालवून बघा ना, कळेल". प्रत्येक मॉडच्या आधी आणि नंतर डायनोवर (रोलरवर गाडी चढवून पॉवर मोजायचं मशीन) जायचं म्हणजे मॉडपेक्षा मोजणी महाग.

म्हणून परफॉर्मन्स मीटर. सध्या फोनमधलाच अ‍ॅक्सेलरोमीटर वापरतोय आणि जोडीला १० हर्ट्झचा छोटा जीपीएस डबा मित्राकडून आणलाय. तत्त्व नववी-दहावीचंच. गाडीला ओढ (म्हणजे त्वरण) किती, वजन किती आणि त्या क्षणी वेग किती, तिघांचा गुणाकार म्हणजे गाडी पळवायला लागलेली पॉवर. माझे आकडे देतो. गाडी, मी आणि अर्धी टाकी मिळून ११८० किलो (भंगारवाल्याच्या काट्यावर चढवून घेतली, ब्रोशरमधलं वजन घेऊ नका, त्यात तुम्ही बसलेले नसता). तिसऱ्यात ८० च्या स्पीडला ०.१६७ जी दिसतं, म्हणजे १.६४ मीटर प्रति सेकंद वर्ग. ११८० गुणिले १.६४ गुणिले २२.२ म्हणजे ४३ किलोवॅट, अठ्ठावन्न घोडे. हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला दहाएक घोडे जातात ते मिळवले, चाकं आणि फ्लायव्हील फिरवण्यात तीन-चार, आणि गिअरबॉक्सचं नुकसान १२ टक्के धरलं की इंजिनला ८० येतात. तेव्हा आरपीएम असतो ३२८० च्या आसपास, आणि १७५ एनएमचं ३२८० ला गणित केलं तरी ८० च. जुळल्यावर भारी वाटलं, पण १२ टक्के मीच निवडलेत, त्यामुळे जुळणारच होतं असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

मोजायची पद्धत अशी. ०-१०० करत नाही. त्यात क्लच कसा सोडला, चाक किती घसरलं, गिअर किती पटकन पडला हेच जास्त मोजलं जातं, गाडी कमी. तिसरा गिअर टाकायचा, ५० ला स्थिर राहायचं, पेडल पूर्ण दाबायचं आणि ६० ते १०० ला लागलेला वेळ घ्यायचा. स्टॉक गाडीला साधारण ६.८ सेकंद येतो, खालीवर ०.१५. हे दीडेकशे मीटरमध्ये संपतं. पहाटे एक्सप्रेसवेला टोल सोडल्यावर सगळेच ६० वरून १०० ला जातात, तेवढंच मी जातो, परत येताना त्याच पट्ट्यात समोरच्या बाजूने.

आता अडचण. वेळ बऱ्यापैकी स्थिर येतो, पण फोनमधला घोड्यांचा आकडा एकदा ७६, एकदा ८८. फोन तोच, स्टँड तोच, रस्ता तोच. हे काय आहे?

स्पीडब्रेकर_सम्राट

आमच्याकडे सासरे आहेत. मागच्या सीटवरून "जरा हळू" कितव्या सेकंदाला येतं ते बघतो. सर्व्हिसिंगनंतर अर्धा सेकंद लवकर आलं.

ऑर्डर_दीड

छान धागा. मी एनव्हीएचमध्ये काम करते, म्हणजे गाड्यांचे आवाज आणि थरथर मोजणं हेच दिवसभर, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमचा स्टँड काचेला चिकटवलेला, लवचिक दांड्याचा आहे ना? अर्धं उत्तर तिथेच आहे. तुमचा फोन सेकंदाला १०० वेळा वाचन घेत असेल असं धरू. इंजिन तीन सिलिंडरचं, एका फेरीला दीड स्फोट, म्हणजे ४००० आरपीएमला सेकंदाला बरोबर १०० धक्के. तिसऱ्यात १०० च्या जवळ तुम्ही तिथेच असता. शंभर धक्के आणि शंभर वाचनं म्हटल्यावर सेन्सर दर वेळी धक्क्याच्या त्याच टप्प्यावर डोळा उघडतो. सिनेमात बैलगाडीचं चाक जागच्या जागी थांबलेलं दिसतं ना, तसं. थरथर थांबलेली दिसते आणि चक्क ओढ म्हणून बेरजेत जाते, कधी अधिक कधी उणे, त्या क्षणी टप्पा कुठला सापडला त्यावर. लवचिक दांडा ही थरथर आणखी वाढवून देतो. चार सिलिंडरवाल्यांना हेच ३००० ला आणि ६००० ला भेटेल.

उपाय फुकटातला आहे. फोन काचेवरून काढा, हँडब्रेकच्या बाजूला सपाट जागी डबल टेपने घट्ट बसवा, आणि अ‍ॅपमध्ये वाचनाचा वेग वाढवा. अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी घेतलेली नसेल तर अ‍ॅपला २०० च्या वर वाचता येत नाही, पण २०० पुरे आहेत.

दुसरी गोष्ट शून्याची. रनच्या आधी गाडी उभी करून "झिरो" करता ते कुठे करता? फोन उन्हात तापला किंवा चार्जिंगला लावला की शून्य सरकतं. फक्त ०.०१ जी ची चूक ६.८ सेकंद बेरजेत गेली तर वेगात २.४ किमी/तासाचा घोळ होतो, आणि ०.०१ जी म्हणजे तुमच्या एकूण ओढीच्या सहा टक्के. कुठलाही फिल्टर सहा टक्के देत नाही.

आणि गाडीचं नाक. पेडल दाबलं की मागचा भाग बसतो, नाक वर येतं आणि सेन्सरला गुरुत्वाकर्षणाचा तुकडा ओढ म्हणून दिसायला लागतो. तुमच्या ओढीला अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर नाक वर येत असेल, तेवढ्यानेच चारेक टक्के फुगवटा येतो. गंमत म्हणजे हा फुगवटा ओढीच्याच प्रमाणात असतो, त्यामुळे आधी आणि नंतरची तुलना बिघडत नाही. दोन्ही वेळा चार टक्के. मात्र उद्या लोअरिंग स्प्रिंग टाकलेत तर नाक कमी उचललं जाईल आणि मीटर सांगेल की पॉवर गेली. गेलेली नसते.

म्हणून घोड्यांचा आकडा बघायचा सोडा. तो कधीच खरा नसतो. वेळ बघा.

कोल्हापुरी_टर्बो

ताई एक नंबर 🙏 मला चाक आणि बैलगाडी एवढंच कळलं पण एक नंबर.

भावा मी एक सांगू काय, सगळ्यात आधी वजन बघ. आमच्यात काय हुतंय, मॉड केलं की दाखवायला म्हणून शेजारी कोण तरी बसतंय. आमचा चुलतभाऊ ९५ किलो. तुझ्या ११८० मध्ये आठ टक्के तिथंच गेलं, मग तू तीन घोड्याचा फिल्टर कुठं हुडकणार? टाकी ४५ लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलो धर, फुल्ल टाकी आणि रिकामी टाकी यात तेहतीस-चौतीस किलो. हे पण तीन टक्के झालंच की. स्टेपनी काढली नाही काढली, डिकीत काय पडलंय, एसी चालू का बंद. मी तर रनच्या आधी डिकी उघडून फोटो काढतो.

फ्री_फ्लो_फणस

सगळं ठीक आहे पण थिअरी फार झाली. माझ्या आय२० ला कोन फिल्टर आणि फ्री फ्लो लावला, अ‍ॅपने सरळ १८ बीएचपी वाढ दाखवली, तीन वेगवेगळ्या वेळी. आता अ‍ॅप खोटं, मी खोटा आणि आवाज पण खोटा का?

ऑर्डर_दीड

@फ्री_फ्लो_फणस, खोटं कोणीच नाही. दोन प्रश्न विचारते. आधीचं मोजमाप आणि नंतरचं यात किती दिवस गेले, आणि मधे फोन जागेवरून हलला का?

फ्री_फ्लो_फणस

मे मध्ये आधीचं घेतलं होतं, नंतरचं नोव्हेंबरमध्ये. फोन म्हणजे, डॅशबोर्डवर मॅट टाकलीय नवीन, त्यावर ठेवतो.

झिरो_माइल

घ्या, सापडला बे तुमचा घोडा 😂

भाऊ मी नागपूरचा, आमच्याकडे मे मध्ये दुपारी ४४ आणि डिसेंबरात पहाटे १२. हवेची घनता तापमानाच्या उलट चालते, ३१७ केल्विन भागिले २८५ केल्विन करून पाहा, अकरा टक्के फरक निघते. इंजिनाले तेवढी हवा जास्त भेटते. नॉन टर्बो गाडीत हे सरळ पॉवरमध्ये येते, तुम्ही गाडीले हातही नाही लावला तरी. ८३ पीएसच्या गाडीत नऊ घोडे तर हिवाळाच लावून देते, फुकट. म्हणून डायनोवाले २५ अंश आणि ९९ किलोपास्कल अशा ठरलेल्या हवेवर आकडा आणून सांगतात, ते सीएफ, करेक्शन फॅक्टर, म्हणतात ना ते. त्यातही लबाडी करता येते म्हणा, तापमानाचा सेन्सर इंजिनाजवळ लटकवला की करेक्शन वाढते आणि गिऱ्हाईक खूश.

उंचीचं पण तेच आहे. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्के कमी. महाबळेश्वरले गेलात तर पंधरा टक्के. टर्बो गाडी बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवून बराचसा भरून काढते, साधी गाडी नाही काढत. काऊन लोक घाटात गाडी दमली म्हणतात, ती दमत नाही, तिले श्वास कमी भेटते.

गिअरवाला_कोथरूड

@ऑर्डर_दीड, फोन हँडब्रेकजवळ टेपने बसवला. तो ७६ आणि ८८ चा खेळ संपला, आता ७८ ते ८२ मध्ये असतो. मनापासून धन्यवाद.

@झिरो_माइल, टर्बोत इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान बघायला पाहिजे ना? ओबीडीवर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचायचं सॉकेट) मिळतं. सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून लगेच रन घेतला की ते चढलेलं असतं आणि वेळ ०.२ ने वाढतो. म्हणून आता आधी पाचेक किलोमीटर एकसारख्या स्पीडने चालवतो आणि तापमान बसलं की रन.

नियमावली_ठाणे

मजा घालवायला आलोय, पण कोणीतरी सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ फक्त शर्यतीबद्दल नाही, "वेगाची चाचणी" पण त्यात आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी केली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत. तुम्ही १०० ची मर्यादा पाळताय हे चांगलंच आहे, पण डॅशवर टायमर आणि स्टॉपवॉच दाखवणारा व्हिडिओ टाकलात तर तुम्हीच पुरावा दिल्यासारखं. शिवाय कलम ५२ आहे, उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे सांगितलं. रिमॅप करून इन्शुरन्सला न सांगणं हा वेगळा विषय, क्लेम अडला की माणूस कायदा शिकतो.

गिअरवाला_कोथरूड

मान्य. म्हणूनच मर्यादेच्या वर काही मोजत नाही आणि ०-१०० तर रस्त्यावर नाहीच. त्याची हौस असेल तर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची ड्रॅग रेस (सरळ पट्ट्यावरची शर्यत) असते, पैसे भरा, स्क्रूटिनी करून घ्या आणि पाव मैल पळवा, तिथे लाइटवर खरा वेळ मिळतो.

मिशिगनकर

इकडे डेट्रॉइटजवळ बरीच वर्षं झाली, धागा वाचून जुने दिवस आठवले. नव्वदच्या दशकात इकडे जी-टेक प्रो नावाचा डबा प्रत्येक मस्टँगवाल्याच्या काचेवर असायचा. आत एक अ‍ॅक्सेलरोमीटर, जो एअरबॅगसाठी चिपवर बनायला लागला म्हणून स्वस्त झाला, बाहेर एक छोटी पट्टी आणि वायर सिगारेट लायटरमध्ये. जीपीएस वगैरे काही नाही, नुसतं त्वरण जोडत जायचं, ते जोडलं की वेग, वेग जोडला की अंतर. पुढच्या कॉम्पिटिशन मॉडेलमध्ये तर आरपीएम पण लायटरच्याच वायरमधून काढायचे, इंजिन चालू असताना बॅटरीच्या व्होल्टेजवर जी बारीक कुरकुर येते तिच्यावरून. मला ती युक्ती आजही त्या डब्यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

व्हॅली रनचा वेळ आणि तुमच्या मीटरचा वेळ कधी जुळणार नाही, त्याचं कारण सांगून ठेवतो म्हणजे भांडणं नकोत. ड्रॅग स्ट्रिपवर पुढचं चाक बीममधून बाहेर पडेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, गाडी तोवर फूटभर पुढे गेलेली असते. या फुकटच्या फुटाला रोलआउट म्हणतात, आणि साध्या गाडीत तो ०.२ ते ०.३ सेकंद खातो. अमेरिकन मासिकं तो वजा करूनच ०-६० छापत आलीत. मीटरमध्ये "वन फूट रोलआउट" अशी खूण असते, ती चालू आहे की बंद हे न बघता दोन लोकांनी आकडे टाकले की पानंच्या पानं भांडण.

कोल्हापुरी_टर्बो

म्हणजे ते यूट्यूबवाले स्टॉक गाडी ९.४ ला काढतात ते असं हुतंय व्हय. आणि वर उतार असला की नाद खुळा.

ऑर्डर_दीड

उताराचं बरं काढलंत. एक टक्का चढ म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, डोळ्याला कळतही नाही, पण ०.०१ जी. इथे जीपीएस आणि अ‍ॅक्सेलरोमीटर वेगळं बोलतात. सपाटीवर शून्य केलेला अ‍ॅक्सेलरोमीटर चढावर चाकांनी लावलेला पूर्ण जोर दाखवतो, कारण चढ चढायला लागलेला जोरही त्याला ओढच वाटतो. जीपीएसला फक्त वेग वाढताना दिसतो, म्हणून त्याला गाडी मंद वाटते. पॉवर हवी असेल तर जोर अ‍ॅक्सेलरोमीटरचा आणि वेग जीपीएसचा घ्यावा, चढ आपोआप निघून जातो. पण शून्यच चढावर उभं राहून केलं असेल तर हा फायदा गेला. आणि दोघांपैकी एकच असेल तर दोन्ही दिशांना रन घेऊन सरासरी, गिअरवाला करताहेत तसं.

गिअरवाला_कोथरूड

आकडे घेऊन आलोय. मधल्या काळात दोन गोष्टी करून झाल्या.

फिल्टर. नवीन हाय फ्लो पॅनेल फिल्टर टाकला, ६.७. उड्या मारणार होतो, पण त्याच पहाटे टोलच्या पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून जुना कागदी फिल्टर परत बसवला (चार स्क्रू, दहा मिनिटं, पंपावरचा पोरगा बघत होता की हा काय करतोय), तर तोही ६.७. हवा जरा गार होती एवढंच. इथे सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे की नवीन पार्ट लावून मोजलं की थांबू नका, जुना परत लावून पुन्हा मोजा. नुसतं आधी-नंतर केलं असतं तर मी पण आज इथे दीड टक्का वाढ म्हणून नाचत असतो.

टायर. मित्राची चाकं दोन दिवस मागून आणली, १९५/६५ आर१५, माझे कंपनीचे १८५/६० आर१५. दिसायला गाडी एकदम दांडगी, जरा उंच पण झाली. व्यास ६०३ मिमीचा ६३४ च्या वर गेला, म्हणजे पाच टक्के. जीपीएसवर ६० ते १०० चा वेळ ६.८ वरून ७.२, ओढ ०.१६७ वरून ०.१५७ जी. स्वतःच्या पैशाने पॉवर घालवायचा हा सगळ्यात सुंदर मार्ग आहे, आणि गल्लीतली सगळी पोरं म्हणतात "गाडी लय भारी बसलीय". आता गंमत बघा, ओबीडीच्या वेगावर तोच वेळ ७.७ येतो. कारण गाडीला टायर बदलल्याचं माहीतच नाही, ती चाकाच्या फेऱ्या मोजते. ती ६० म्हणते तेव्हा खरे ६३ आणि १०० म्हणते तेव्हा १०५. तेव्हा टायर किंवा अलॉय बदलणाऱ्यांनी ओबीडीच्या वेगावर वेळ घेऊ नका, आणि हो, काटा १०० ला ठेवून मर्यादेत आहोत असंही समजू नका.

फ्री_फ्लो_फणस

मी पण जुना फिल्टर लावून बघितला आता. फोन खाली टेपने चिकटवून. अ‍ॅपवर दोन बीएचपीचा फरक. पण मला चालवताना फरक जाणवतो, मी काढणार नाही.

स्पीडब्रेकर_सम्राट

काढू नका. आवाजाचे पैसे दिलेत, आवाज मिळतोय.

झिरो_माइल

@गिअरवाला_कोथरूड रिमॅप कधी? मी पण याच्यासाठीच थांबून राहिलो.

गिअरवाला_कोथरूड

रिमॅप झाला. कंपनीच्या टायरवर परत आलो, तेवढीच टाकी, तीच पहाटेची वेळ, इनटेक तापमान दोन अंशांच्या आत. ६० ते १०० आता ५.६ सेकंद, ओढ ०.२०२ जी. याला कुठलीही हवा किंवा चुलतभाऊ झाकू शकत नाही. उलटं गणित केलं तर २०५ एनएमच्या आसपास येतं. ट्यूनरने २२५ सांगितले होते. मी त्याला ग्राफ पाठवला, तो म्हणाला फोनवर मोजलेलं काही खरं नसतं. मी म्हटलं बरोबर आहे, तोच फोन तोच टेप स्टॉकला १७५ बरोबर दाखवत होता तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

अजून एक निघालं ते कामाचं आहे. ट्यून जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलवर केलेला. मुद्दाम टाकी खाली आणून साधं पेट्रोल भरलं आणि दोन दिवस चालवली, वेळ ५.८-५.९ वर गेला. इंजिनातली ठोकठोक ऐकणारा नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, ओबीडीवर इग्निशन अ‍ॅडव्हान्स बघितला तर तिथेही दिसतं. म्हणजे दर टाकीला जास्तीचे पैसे हा पण मॉडचाच खर्च, हे कोणी आधी सांगत नाही. स्टॉक गाडीला या दोन पेट्रोलमध्ये माझ्या मीटरवर फरक पकडता आला नव्हता.

मिशिगनकर

तुमचा ग्राफ बघितला. ६० ते १०० चा एकच आकडा न बघता १० च्या टप्प्यांनी वेळ काढा, ६०-७०, ७०-८० असं. २२५ खरे असतील तर ते खालच्या आरपीएमला एखाद्या शिखरावर असू शकतात आणि वर पडत असतील. तिसऱ्यात ६० ला तुम्ही २५०० वर असता, शिखर त्याच्याही खाली असेल तर तुम्हाला दिसणारच नाही. चौथ्यात ५० पासून एक रन घेऊन बघा.

गिअरवाला_कोथरूड

हे बरोबर आहे. चौथ्यात घेतला, २००० ते २४०० मध्ये खरंच जास्त ओढ आहे, २१५ पर्यंत जातं, वर गेल्यावर उतरतं. म्हणजे ट्यूनर अगदीच हवेत बोलत नव्हता. त्याला हे पण पाठवतो.

वडापाव_डीएसजी

उशिरा आलो. ऑटोमॅटिकवाल्यांनी काय करायचं? माझी जुनी पोलो जीटी टीएसआय, डीएसजी म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. मॅन्युअल मोडला तिसऱ्यात ठेवली तरी पेडल पूर्ण दाबलं की किकडाउन होऊन दुसऱ्यात जाते, आणि बायकोची टॉर्क कन्व्हर्टरवाली तर ऐकतच नाही.

ऑर्डर_दीड

डीएसजीत पेडलच्या तळाशी जो टक् असा अडथळा लागतो त्याच्या जरा आधी थांबा. थ्रॉटल तिथपर्यंत पूर्ण उघडलेला असतो, एकदा ओबीडीवर टक्केवारी बघून पाय कुठे थांबतो ते लक्षात ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरला वरचा गिअर घ्या, चौथा वगैरे, आणि आरपीएम भागिले वेग असा एक कॉलम शीटमध्ये टाका. लॉकअप लागलेला असेल, म्हणजे कन्व्हर्टर न घसरता थेट जोडलेला असेल, तर तो आकडा पूर्ण रनमध्ये तोच राहतो. मध्येच हलला तर कन्व्हर्टर घसरतोय, तो रन टाकून द्या.